आधी वाट चुकवा, मग भूत आणा : पहिल्या भयकादंबरीसाठी कामाचा क्रम

नवोदितांची हस्तलिखितं वाचायचं काम करताना एक कथानक मला सारखं भेटतं. आई, बाबा, दोन मुलं आणि बहुतेक वेळा एक मामा. शनिवारी पहाटे गाडी निघते, गडावर धुकं उतरतं, वाट चुकते आणि मग ‘ते’ येतं. कल्पना चांगलीच आहे, म्हणून तर इतक्या जणांना सुचते. फसते ती लिहिण्याच्या क्रमात. लिहिणाऱ्याने आधी भूत ठरवलेलं असतं, मग शेवट, मग मधली पानं भरायला माणसं आणि सगळ्यात शेवटी, उरकून टाकल्यासारखा, डोंगर. वाचकाचा विश्वास बसतो तो नेमका उलट्या क्रमाने. आधी डोंगर पटावा लागतो, मग माणसं, मग त्यांच्या चुका. एवढं पटलं की भूत पटवायला फार कष्ट पडत नाहीत.

उदाहरणासाठी हरिश्चंद्रगड घेतो, कारण तो मला पायांनी माहीत आहे. तुमचा डोंगर वेगळा असेल तर नावं बदला. क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा १ : डोंगर एकच घ्या आणि चालून या

‘सह्याद्रीतला एक अनाम किल्ला’ असं म्हणून सुटका होत नाही. पुस्तकात नाव काल्पनिक ठेवा, पण त्याखाली खरा डोंगर हवा, नाहीतर दहाव्या पानावर डावीकडे असलेली दरी चाळिसाव्या पानावर उजवीकडे जाते.

एकाच गडाच्या तीन वाटा म्हणजे तीन वेगळ्या कादंबऱ्या असतात. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून दोन-अडीच तासांत पोचता येतं, पण सुट्टीच्या दिवशी ही वाट इतकी वाहती असते की तिथे हरवायचं तर मेहनत घ्यावी लागेल. बेलपाड्याची नळीची वाट सरावाच्या आणि दोर बाळगणाऱ्या माणसांची. नवखं कुटुंब तिथून चढवलंत तर वाचक म्हणेल, हे मरायलाच निघाले होते. आपल्या कामाची वाट खिरेश्वरची. चार ते पाच तास, मध्ये तोलार खिंड, खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि त्यापुढे एकीसारखी एक अशा टेकड्या. उन्हात ती नुसती कंटाळवाणी चाल आहे. धुक्यात मात्र आपण तिसऱ्या टेकडीवर आहोत की चौथ्या, यावर नवरा-बायकोत भांडण लागतं. आपल्याला तेच हवंय.

चालताना वहीत तीनच गोष्टी टिपा. पायाखाली काय आहे (मुरूम, कातळ, शेवाळं, घसारा), किती लांबचं दिसतंय, आणि वाटेला फाटा कुठे फुटतो. पहिल्या दोन फोटोत येतात, तिसरी येत नाही. फाट्यावर दोन्ही वाटांकडे नीट बघा. गुराढोरांच्या वर्दळीने ढोरवाट पुष्कळदा खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली असते. शहरातला माणूस मळलेल्या वाटेवर विश्वास ठेवतो आणि चरायच्या कुरणात जाऊन उभा राहतो.

डोंगर कसा घडलाय तेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं कथानक त्यावर टांगायचंय. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले आडवे थर. त्यामुळे उतार सलग नसतो. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशा पायऱ्या असतात. ‘पाण्याच्या कडेने उतरत राहिलं की गाव लागतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते जीवघेणं ठरू शकतं. ओढा थराच्या काठाशी येतो आणि तिथून धबधबा होऊन खाली पडतो. त्याच्यामागून उतरणारा माणूस सात-आठ फुटांच्या दोन उड्या मारून मधल्या सपाटीवर येतो, खाली बघतो, खाली काहीच नसतं. वर बघतो, तर मारलेली उडी उलटी मारता येत नाही. हरवलेल्यांच्या अनेक खऱ्या हकिगती अशाच एखाद्या ओढ्यात येऊन थांबतात.

> सावधान : अभ्यासासाठी भर पावसात एकटे जाऊ नका. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला पूर्ण पैसे द्या. पावसाळ्यात अनेक ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात आणि हा परिसर अभयारण्यातही येतो. तुमच्या पात्रांनी नियम मोडले तर ती कथा झाली, तुम्ही मोडलेत तर बचावपथकाची एक रात्र वाया.

> तपासणी : घरी येऊन वही न उघडता कोऱ्या कागदावर वाट काढा. तीन फाटे, दोन पाण्याच्या जागा आणि उतरता न येणारी एक जागा दाखवता आली तर पुढे जा.

जाता जाता एक विनंती. गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतला शाबूत राहिलेला चौथा खांब (तो मोडला की जग संपेल, अशी आख्यायिका आहे) शेवटच्या प्रकरणात मोडू नका. तिथे जाऊन आलेल्या प्रत्येक नव्या लेखकाला ते सुचतं.

टप्पा २ : वेळापत्रक मांडा, मिनिटांसकट

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि हस्तलिखितं सगळ्यात जास्त इथेच मार खातात. सकाळी अकराला चढायला लागलेलं कुटुंब ‘थोड्याच वेळात’ माथ्यावर पोचतं, जेवतं, गुहा बघतं, आणि लगेच रात्र होते. मधले चार तास कुठे गेले, ते लेखकालाही सांगता येत नाही.

डोंगरात वेळ काढायचा एक जुना हिशोब आहे. दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा ७ किलोमीटर चाल आणि ७०० मीटर चढ आहे. साधारण दीड तास अधिक एक तास दहा मिनिटं, म्हणजे पावणेतीन तासांच्या आत. पण हा हिशोब न थांबणाऱ्या, सरावाच्या माणसाचा. नऊ वर्षांचं पोर, गुडघा दुखणारी आई आणि दर वळणावर फोटो काढणारा मामा असेल तर त्याला दीडपटीने गुणा, प्रसंगी पावणेदोनपटीने.

आता सप्टेंबरअखेरचा एक दिवस मांडून बघू. कुटुंब डोंबिवलीचं.

पहाटे ४:३० ला निघायचं ठरलं.
निघाले ५:५० ला. धाकट्याचा एक बूट सापडत नव्हता आणि मामाने डिझेल भरलं नव्हतं.
मिसळ धरून माळशेज घाटातून खिरेश्वरला ९:५०.
चढाईला सुरुवात १०:१५.
देवळाजवळ २:४५.
जेवून परत फिरले ३:३० ला.
उतरायला किमान साडेतीन तास. म्हणजे पायथ्याशी ७:००.

त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं, कुणी घसरलं नाही, वाट चुकली नाही, तरी हे कुटुंब शेवटचा टप्पा अंधारात उतरणार. भुताने अजून बोटही हलवलेलं नाही. वाचकाला हे आकडे सांगू नका. पहाटेचा बूट आणि दुपारचं लांबलेलं जेवण तेवढं दाखवा. हिशोब तो करतो, आणि तो हिशोब करताना त्याला जे वाटतं, तिथूनच तुमची कादंबरी सुरू होते.

चंद्र पंचांगात बघा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, त्यापुढे रोज अंदाजे पन्नास मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो. अमावस्येला ‘ढगाआडून डोकावणारी चंद्रकोर’ मी छापील पुस्तकातही वाचली आहे.

> तपासणी : प्रत्येक प्रकरणाच्या वर पेन्सिलीने वेळ लिहा. मधे काही न घडता दोन तास गायब होत असतील तर तिथे प्रसंग कमी पडलाय किंवा चाल जास्त झालीय.

टप्पा ३ : कुटुंबाचं एक जुनं भांडण ठरवा

एकच. तीन नकोत. आईला नोकरीसाठी पुण्याला जायचंय, ताईचा दहावीचा निकाल, मामाचं कर्ज, बाबांचा रक्तदाब, असं सगळं एका सॅकमध्ये कोंबलं की एकही धड बाहेर निघत नाही.

भांडण असं निवडा की त्याचा डोंगरातल्या निर्णयांशी संबंध येईल. मला आवडणारं उदाहरण म्हणजे घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे. बाबांनी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं न ऐकता एक फ्लॅट बुक केला आणि पैसे अडकले. त्यावर घरात कुणी बोलत नाही. गडावर फाटा येतो, आई म्हणते डावीकडे, बाबा म्हणतात उजवीकडे. मामा, म्हणजे आईचा भाऊ, गप्प राहतो, कारण त्या फ्लॅटच्या वेळी त्याने बाबांची बाजू घेतली होती. आता वाट चुकणार ती दोन वर्षांपूर्वीच चुकलेली असते. तुम्हाला एका ओळीतही फ्लॅटचा इतिहास सांगावा लागत नाही. ‘या वेळी तरी ऐक’ एवढं आईने म्हटलं की पुरे.

यानंतर एक तक्ता करा. कोण कुणाला काय म्हणतं? आई बाबांना नावाने हाक मारते की अहो म्हणते? मुलं आईला अगं म्हणतात की अहो आई? मामा बाबांना भावजी म्हणतो की थेट नावाने? धाकटा बहिणीला ताई म्हणतो का, आणि चिडला की काय म्हणतो? घरातली भाषा याच शब्दांत असते. हस्तलिखितात एका पानावर ‘अरे, ऐक ना’ आणि दुसऱ्यावर ‘अहो, ऐकलं का’ असं होतं, कारण लेखकाला मधेच मालिकेतली आई आठवते. तक्ता भिंतीवर लावा. पुढे त्याचा वेगळाच उपयोग होणार आहे.

मूल लिहिताना जपा. नऊ वर्षांचा मुलगा शहाण्यासारखी भाकितं करत नाही. तो म्हणतो, पाय दुखतो, भूक लागली, घरी कधी जायचं. भयकथेतली मुलं भिंतीकडे बघून बोलतात याचा मला मनापासून कंटाळा आलाय.

> सावधान : वाटेत भेटणारा, घोंगडी पांघरलेला, ‘वर जाऊ नका पोरांनो’ म्हणणारा गूढ म्हातारा नको. गावातला माणूस अडवतो तेव्हा कारण देतो. ‘काल रातच्याला वर लई पाऊस झालाय, ओढ्याला पाणी हाय, उद्या जावा.’ हे वाक्य जास्त भीतिदायक आहे, कारण ते खरं आहे आणि मामा त्यावर हसतो.

टप्पा ४ : चुकांची साखळी ओवा

मोठी चूक एकच दाखवली की पात्रं मूर्ख वाटतात. खऱ्या अपघातात मोठी चूक सहसा नसतेच. पाच-सहा लहान, त्या त्या वेळी समंजस वाटणारे निर्णय एकामागून एक लागतात. म्हणून प्रत्येक कडीला तीन प्रश्न विचारा. हा निर्णय त्या क्षणी बरोबर वाटतो का? कुणी विरोध केला का? तो का ऐकला गेला नाही? तिसऱ्याचं उत्तर दर वेळी टप्पा ३ मधल्या भांडणातून यायला हवं.

आपल्या कुटुंबाची साखळी अशी. निघायला उशीर झाला, पण एवढ्या लांब आलोय तर परत कसं जायचं. टॉर्च तीन हव्या होत्या, आहे एक, आणि मामाचा मोबाइल. सगळे दमल्यावर बाबा आणि ताई ‘पुढे जाऊन वाट बघून येतो’ म्हणून निघाले. इथे कुटुंबाचे दोन तुकडे झाले, आणि पाण्याच्या बाटल्या ज्या सॅकमध्ये होत्या ती सॅक एका तुकड्याकडे गेली. अर्ध्या तासाने ते भेटले तेव्हा सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की आपण कुठे उभे आहोत हे कुणी बघितलंच नाही. मग कारवीचं रान लागलं. कारवी डोक्याच्या वर जाते, आत शिरलं की हातभर पुढचं दिसत नाही, आणि सगळ्या दिशा सारख्या. त्यातून सुटल्यावर ओढ्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, पाणी खालीच जातं ना?

पुढे काय होणार ते टप्पा १ मध्ये वाचलंतच. पहिली उडी सात फुटांची. सगळे हसत मारतात. धाकट्याला तर मजा वाटते. दुसरी थोडी मोठी. आई शेवटी उतरते आणि उतरण्याआधी एकदा मागे, वर बघते. ही जागा कादंबरीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला यायला हवी. इथून परतीची वाट बंद होते आणि हे फक्त आईला कळलेलं असतं.

सॅकमधल्या वस्तूंची यादीही करा आणि प्रत्येक वस्तू कुठे संपते ते ठरवा. पाच माणसांना सहा लिटर पाणी, पार्ले-जीचे चार पुडे, क्रेप बँडेज, एक पातळ चादर, आईची गुडघ्याची गोळी. पहिल्या प्रकरणात दिसलेली चादर मधल्या प्रकरणात कुणी आठवत नसेल, तर वाचक पुस्तकात शिरून ओरडतो, अरे चादर आहे ना तुमच्याकडे! वाचक ओरडला तरी चालतं, पण ते पात्रांच्या चुकीवर. लेखकाच्या विसराळूपणावर नको.

> तपासणी : साखळीतली कुठलीही एक कडी काढून बघा. तरीही कुटुंब त्याच सपाटीवर पोचत असेल तर ती कडी फुकट आहे. उडवा.

टप्पा ५ : आता भूत, आणि तेही नियमांत

इथवर आल्यावर तुमच्या लक्षात येईल की मूळ ठरवलेलं भूत आता बसत नाही. पांढऱ्या साडीतली बाई या ओढ्यात काय करणार? आपल्या भुतांना जागा असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. देवचार कोकण-गोव्यातला, आणि तिथे तो पुष्कळ गावांचा राखणदारही असतो. त्याला घाटमाथ्यावर आणून रक्त प्यायला लावलंत तर सावंतवाडीचा वाचक हसेल.

या कथानकाला चकवा बसतो. चकवा मारत नाही, दिसत नाही, फक्त वाट फिरवतो. माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच दगडाशी येतो. यामागे शरीराचंही कारण आहे. सूर्य-चंद्र किंवा लांबची खूण दिसत नसेल तर माणसं सरळ चालल्यासारखं वाटत असताना वर्तुळात फिरतात, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणजे कादंबरीभर वाचकाला ठरवता येणार नाही की हा चकवा आहे की नुसतं धुकं. ते शेवटपर्यंत ठरू देऊ नका.

आता त्यातली गोम बघा. जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की चालू नये, एका जागी बसावं, उजाडू द्यावं. बचावपथकंही हरवलेल्यांना हेच सांगतात, आहात तिथेच थांबा. पण आपलं कुटुंब ओलं आहे, वारा सुटलाय आणि चादर एकच आहे. बसलं तर थंडी, चाललं तर चकवा. मामा म्हणतो चालू या, आई म्हणते बसू या. या एका पेचावर शंभर पानं निघतात.

तुमचा चकवा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे पाच ओळींत लिहून ठेवा. माझ्या उदाहरणात तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पण दिसत नाही, आणि बसलेल्या माणसाला हात लावत नाही. दोनशेव्या पानावर सोय म्हणून नियम वाकवलात की भीती संपते.

> सावधान : गावाचं दैवत राक्षस करू नका. या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर लोक वाघोबाला पुजतात. त्याचं दगडी ठाणं ‘शापित मूर्ती’ म्हणून वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातून सामान उचलणं. लेखक म्हणून तो आळसही आहे.

टप्पा ६ : कानाला आणि अंगाला काय कळतं

धुक्यात आणि अंधारात डोळे निरुपयोगी, म्हणून वर्णनाचा भार कानांवर आणि कातडीवर टाका. इथे खरी माहिती कल्पनेला मागे टाकते.

बिबट्या डरकाळी फोडत नाही. त्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा असतो, खर्र-खर्र, थांबून थांबून. भेकर हे लहानसं हरीण, पण कुत्र्यासारखं भुंकतं. जंगलात, गावापासून लांब, रात्री ‘कुत्रं’ भुंकलं की बाबा म्हणणार, वस्ती जवळ आहे! आणि सगळे तिकडे वळणार. रातवा या निशाचर पक्ष्याचे डोळे टॉर्चमध्ये लाल चमकतात, जमिनीलगत. आणि पहाटे, अजून दिसत नसताना, घळीतून कुणीतरी शीळ घालतं. सुरात, रमतगमत, रस्त्याने जाणाऱ्या मुलासारखी. हा कस्तूर पक्षी. ज्याला माहीत आहे त्याला प्रसन्न वाटतं. रात्रभर हाका ऐकलेल्या मुलाला काय वाटेल?

ऋतू मात्र सांभाळा. काजव्यांनी झगमगणारी झाडं मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरात ती लावू नका.

थंडीचं वेगळं. उंचीबरोबर दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, पण मारते ती ओले कपडे आणि वारा यांची जोडी. आधी थरथर होते. मग अडखळणं, बोटांना बटण न लागणं, जीभ जड होणं. आणि नंतर थरथर थांबते. धाकटा म्हणतो, ‘आई, आता नाही वाजत थंडी.’ आईला हायसं वाटतं. ज्या वाचकाला अर्थ कळतो त्याचं पोट खड्ड्यात जातं. या वाक्याच्या आधी किंवा नंतर स्पष्टीकरण लिहिलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही.

आणखी एक दृश्य हरिश्चंद्रगडाने फुकट दिलंय. कोकणकड्यावर पाठीशी सूर्य आणि समोर खाली धुकं असलं की धुक्यात आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात. गंमत अशी की शेजारी शेजारी पाच माणसं उभी असली तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते फक्त स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती. ‘माझ्याभोवती आहे, तुझ्याभोवती नाही,’ असं पाचही जण म्हणतात आणि पाचही खरं बोलत असतात. वाचलेल्यांनी दुसऱ्या दिवशी हे बघावं अशी माझी इच्छा. पण कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे हे सकाळीच. संध्याकाळी दाखवलंत तर डोंगर फिरलेला वाचक पुस्तक मिटेल.

> तपासणी : कुठलंही एक पान घ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी खोडा. उरलेल्या वाक्यांवरून माणूस कुठे आहे ते कळतं का?

टप्पा ७ : मोबाइलचा बंदोबस्त

‘रेंज गेली’ एवढ्यावर भागत नाही. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर तोही दिसतो, हे आज दहावीतल्या मुलीला माहीत असतं. म्हणून तोड खरी हवी. नकाशा ताईच्या मोबाइलमध्ये आहे, पण दिवसभर रेंज शोधून शोधून बॅटरी नऊ टक्क्यांवर आलीय. पावसात ओल्या पडद्यावर ओलं बोट चालत नाही. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागतो, आणि बाबांना सांगता येत नाही की आपण कुठे आहोत.

टप्पा ८ : पहिला खर्डा मागे न बघता, दुसरा कात्री घेऊन

पहिल्या खर्ड्यात सुधारणा करू नका. रोज पाचशे शब्द धरले तर पन्नास हजारांची कादंबरी शंभर बसण्यांत होते, आणि या विषयाला पन्नास हजार पुष्कळ झाले. दृष्टिकोन एकाचाच ठेवा. मी सोळा वर्षांच्या ताईचा घेईन, कारण तिला मोठ्यांचं भांडण कळतं आणि निर्णयात कुणी विचारत नाही.

मग महिनाभर बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या फेरीत ‘अचानक’, ‘भयाण’, ‘अमानुष’, ‘काळजाचा ठोका’, ‘अंगावर काटा’ हे शब्द शोधून काढा. नव्या हस्तलिखितात भीतीची जागा साधारण अशी असते :

‘अचानक त्या निर्जन दरीत एक भयाण, अमानुष हाक घुमली आणि सर्वांच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.’

आता भिंतीवरचा तक्ता बघा. या घरात आई बाबांना नावाने हाक मारते, अरे-तुरे करते.

‘पुढे काही दिसत नव्हतं. मागून आईचा आवाज आला, “अहो, थांबा ना जरा.”
बाबा थांबले. ताई थांबली नाही. तिने धाकट्याचं मनगट घट्ट धरलं आणि ती चालत राहिली. आईने बाबांना अहो म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.’

यात एकही भीतीचा शब्द नाही. पण आधीच्या शंभर पानांत एकदा जरी तुमच्या हातून आईच्या तोंडी ‘अहो’ गेलं असेल, तर हा प्रसंग मेला. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात ‘अहो’ हा शब्द संगणकावर शोधा आणि प्रत्येक जागा तपासा. तासाभराचं काम आहे.

टप्पा ९ : दुसऱ्यांच्या हातात देताना

दोन वाचक हवेत. एक नियमित डोंगर चढणारा, जो वाट आणि वेळ तपासेल. दुसरा भयकथा न वाचणारा, जो फक्त एवढंच सांगेल की कुठल्या पानावर त्याने मोबाइल उचलला. त्यांना ‘कशी वाटली?’ विचारू नका. ‘छान’ ऐकून घरी याल. त्याऐवजी विचारा, तुझ्या मते यांनी कुठून परत फिरायला हवं होतं? दोघांनी वेगवेगळ्या जागा सांगितल्या तर साखळी जमली. ‘घरातूनच निघायला नको होतं’ असं उत्तर आलं तर टप्पा ४ वर परत.

हस्तलिखित युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटातून रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात आणि ‘कड्यावर’चं काय होतं ते बघवत नाही. प्रकाशकाला अख्खी कादंबरी पाठवण्याआधी पानभर सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सारांशात शेवट लपवू नका, तो वाचकासाठी नसतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते पैसे त्याच्या दलालीचे आहेत.

मुखपृष्ठावर कवटी नको. आणि पाठराखणीच्या मजकुरात चकव्याचं नाव घालू नका. तिथे पहाटेचा न सापडलेला बूट पुरेल.